रामटेके बाई आणि बुढा कर्ब

रामटेके बाई मातीच्या प्रत्येक नमुन्याला आधी त्याचं वय विचारायच्या. नागपूरच्या आमच्या माती तपासणी लॅबमध्ये पुडी उघडली की चिमूटभर माती तळहातावर घेऊन हुंगायच्या. "किती वर्साचा गा तू?" मग निकाल : "पोट्टं आहे", नाहीतर "बुढा आहे".

त्या लॅब असिस्टंट, मी त्यांचा साहेब, वयानं मुलासारखा. कॅन्टीनमध्ये मी त्यांची नक्कल करायचो. पोह्यांची बशी नाकाला लावून "बुढा आहे!" म्हटलं की अख्खं टेबल हसायचं. आता सांगतानाही लाज वाटते.

एकदा उमरेडकडच्या धनराजभाऊंच्या मिरचीच्या शेतातली माती आली. काळीभोर. तपासणीत सेंद्रिय कर्ब भरपूर निघाला. बाई मात्र तळहात नाकापासून हलवेनात.

"साहेब, याले वासच नाही. हा दगडातला कर्ब आहे. तिकडे कोळशाच्या संगं काळा दगड राहते ना, तो झिजून मातीत आला. करोडो वर्साचा बुढा! पाल्या-शेणाचा कर्ब सडते, पिकाले खाऊ घालते. हा नुसता बसून राहते."

"बाई, आकडा आलाय तो लिहा."

"आकड्याले वय नाही समजत, साहेब."

मी हसलो आणि शिफारस लिहिली : कर्ब भरपूर, शेणखताची गरज नाही, युरिया निम्मा.

दोन महिन्यांनी धनराजभाऊ पिवळी पडलेली रोपं पिशवीत घेऊन आले. टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमच्या कागदावर लिवलं तसंच केलं जी."

कागदाखाली सही माझी होती. तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"माह्या हातून चुकलं, भाऊ. पुड्याइची अदलाबदल झाली. आता शेणखत टाका, युरिया पुरा द्या. रोपं उभी राहतील."

धनराजभाऊंनी त्यांना चांगलंच सुनावलं. बाईंनी मान खाली घालून ऐकलं. मी रोपं बघत बसलो.

ते गेल्यावर विचारलं, "बाई, असं का केलंत?"

"तुमच्या घरी बायको आहे, लेक आहे. तुमचं तोंड उतरलं तर विचारतील, काय झालं म्हणून. मले कोण विचारते, साहेब? माह्या घराले कुलूप राहते."

खरं काय ते सांगायला मी तसाच उठून फाटकापर्यंत पळालो. धनराजभाऊ मोटरसायकलला किक मारत होते.

"काय साहेब?"

"उमरेड रोडवर ट्रक खूप असतात," मी म्हणालो. "सांभाळून जा."