मुरुडशेंगेचं रोटेशन

सखारामतात्यांच्या घरात कोरड्या पायांनी कुणी गेल्याचं मला आठवत नाही. पाय स्वच्छ असोत नसोत, ओट्याखालच्या एका झुडपाच्या आळ्यात उभं राहून धुवावेच लागत. मी भाडेकरू म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा हातात तांब्या देऊन म्हणाले, "मास्तर, डावा झाला, आता उजवा. रोटेशन चुकवू नका."

तात्या निवृत्त पाटकरी. राहात्याकडच्या शेतांना कालव्याचं पाणी ठरल्या पाळीनं, म्हणजे रोटेशननं, सोडण्यात त्यांचा जन्म गेला. भल्याभल्या बागायतदारांना त्यांनी घटकाभर पाणी जास्त दिलं नाही. नोकरी सुटली, पण 'रोटेशन' तोंडातून सुटलं नाही. चहाचं रोटेशन, दाढीचं रोटेशन. कालव्याला पाणी सुटलं की अजूनही, कुणी बोलावलेलं नसताना, काठावर हजर.

झुडूप होतं मुरुडशेंगेचं. अकोले तालुक्याच्या डोंगरात ते उदंड, पण आमच्या कोरड्या रानात औषधालाही नाही. त्याची पिळदार शेंग बाळाच्या गुटीत उगाळतात, एवढंच आम्हाला ठाऊक. तात्यांनी ते लावून तीन वर्षं झाली, तरी एक फूल नाही. मी एकदा म्हटलं, "तात्या, शेंग वाण्याकडे मिळते की." आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग बहात्तरला पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, टँकरपुढे हंडे लागले. तात्यांनी आंघोळ आठवड्यावर नेली आणि भाज्या धुतलेलं पाणी मागत गल्लीभर फिरू लागले. आमच्या हिनं एकदा धुण्याच्या सोड्याचं पाणी दिलं, तर बोट बुडवून चाखलं आणि परत केलं. मला संताप यायचा. माणसांचे हाल, आणि ह्यांचे झाडाचे लाड!

एका सकाळी विचारलंच, "हे जगवून तुम्हाला मिळणार काय?"

"फूल," तात्या म्हणाले. "लाल येतं, मग निळसर पडतं म्हनं. म्या पाह्यलेलं न्हाई. ती सांगायची."

ती म्हणजे त्यांची बायको, पार्वतीकाकू. चार वर्षांपूर्वी वारलेल्या. माहेर अकोल्याच्या डोंगरातलं.

"दर दिवाळीला म्हनायची, फुलं आल्यात, एकदा माझ्या माह्यारी चला. म्या म्हनायचो, रोटेशन हाय. रब्बीचं पानी नेमकं तवाच सुटतं. चाळीस वर्सं हेच म्हनलो, मास्तर."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं भाजीचं पाणी मीच नेऊन ओतू लागलो.

दिवाळीत एकच फूल आलं. लालभडक, बोटाच्या पेराएवढं. तात्यांनी दाढी केली, ठेवणीतला कोट चढवला, फेटा बांधला आणि झुडपासमोर पाट मांडून बसले. बाजारातून येताना ऐकलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. "तात्या, कालव्याला पाणी सुटलंय."

तात्यांनी मान वर केली नाही.

"सुटू द्या," ते म्हणाले. "आज म्या सासुरवाडीला आलोय."