तलावाला नारळ

आमचे शेजारी गजाकाका भर मे महिन्यात, शेलूबाजारच्या रणरणत्या उन्हात, दोरीवरचे कपडे धावतपळत घरात नेतात. विचारलं तर म्हणतात, "सरीचा काय भरवसा?" आभाळात ढगाचा पत्ता नसतो.

काका मूळचे इथलेच, पण सारी नोकरी वेंगुर्ल्याच्या पोस्टात गेली. बायकोही तिकडचीच केली. रिटायर होऊन दोघं इथं आले आणि आमच्या कानाला वेंगुर्ला लागला. काका सांगतात, तिकडं पाऊस आडवा पडते. बरणीतल्या मिठाचं पाणी होते. जांभ्या दगडाच्या भिंतीवर शेवाळ, अंगणात लाल चिखल. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकतात, आन् समुद्र असा गाजते का शेजारणीशी भांडायचं तरी ओरडून भांडा लागते. "हा काय पाऊस हाये? शिंतोडे हायेत शिंतोडे!" आमचं सोयाबीन त्याच शिंतोड्यांवर येतं, पण यांना सांगणार कोण?

गेल्या जूनमध्ये त्यांनी ओट्याच्या पश्चिमेला कडब्याचे ताटवे आडोशाला बांधले. वेंगुर्ल्यात झावळ्यांचे बांधतात म्हणे, आडव्या पावसासाठी. आडवा पाऊस आला नाही, माझी म्हैस आली. दोन दिवसांत तिनं ताटवे फस्त केले. मी पोट धरून हसलो. मला वाटायचं, या माणसाचं शरीर तेवढं इकडं आलं, डोकं तिकडंच राहिलं.

सुलभाकाकू मात्र इथं आल्यापासून बोलेनाशाच झाल्या होत्या. यंदा गणपतीला माहेरी जायची पिशवी त्यांनी आषाढातच भरून ठेवली. माझ्या बायकोला सरळ म्हणाल्या, "परत येयन काय नाय, माका म्हायत नाय."

"अवो, काका तं रोज तुमच्याच गावचे गुण गातेत," बायको म्हणाली.

"गुण? बावीस वर्सां ह्येंनी बदलीचे अर्ज केल्यानी! पाऊस बघल्यार कपाळाक आठी."

बायकोनं हे येऊन सांगितलं तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. म्हणजे कपडे, ताटवे, सारा खटाटोप काकूंचं मन इथं रमावं म्हणून होता. मला माझाच राग आला. त्या दिवसापासून म्हैस बांधून ठेवली.

राखीच्या दिवशी काका सकाळीच दारात उभे. तिकडं या पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात.

"समुद्र कुठून आणू, काका?"

"तलाव हाये ना! पानी ते पानी."

ऑटो करून आम्ही तिघं तलावावर गेलो. काकूंनी नारळाला हळदकुंकू लावलं, काकांनी हात जोडून तो पाण्यात सोडला. पलीकडे किसना भोई जाळं लावत होता. तो लगबगीनं डोंगा घेऊन आला. "काका, तुमचा नारळ पडला."

काकांनी पुन्हा टाकला. त्यानं पुन्हा आणला. "नीट धरा ना जी, हातातून सुटून राह्यला."

"अबे, पडला नाही, देल्ला! पान्याले देल्ला!"

"पान्याले कायले? त्याले दात हायेत का?"

काकू हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. काका मात्र हसले नाहीत, काठावर मटकन बसले.

"मले तो पाऊस कधीच नाही आवडला, सुलभा," ते म्हणाले. "पन तिथं तू बोलत होती. इथं मी एकटाच बडबडून राह्यलो. तू गेली आन् आलीच नाही, तं मी कसा राहू?"

किसना नारळ हातात धरून तसाच उभा राहिला. मी उगाच तलावाकडे बघत बसलो. काकूंनी डोळे पुसले आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"गणपतीक तुमी पण चला," त्या म्हणाल्या. "तिकिटां चार काढा. दोन जावची, दोन येवची."