उजव्या रांगेची तहान

उजव्या रांगेतल्या टोमॅटोंना दहा दिवस पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, हे ऐकूनच माळीकाकांना कसंसं झालं. एकतीस वर्षं ते संशोधन केंद्राच्या काचघरात झाडं जगवत आले होते. सुकवायला सांगणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

"काका, माझ्या पीएचडीचा हा शेवटचा प्रयोग," ताई म्हणाल्या. त्या काकांच्या मुलीएवढ्या, पण काका सगळ्या संशोधकांना अहोजाहोच करत. "तहानलेलं झाड पानांत कडू रसायनं तयार करतं. मग बुरशी आली तरी ती रसायनं तिला रोखतात. डावी रांग लाडात ठेवायची, उजवी तहानलेली, आणि दोन्हींवर बुरशी फवारायची. उजवी टिकली की मी सुटले!"

"थेंबही नाही घालणार, ताई."

चौथ्या दिवशी उजव्या रांगेने माना टाकल्या आणि काकांना राहवेना. ताई जेवायला गेल्याबरोबर त्यांनी दाराकडे बघत प्रत्येक कुंडीत अर्धं भांडं पाणी घातलं. अर्ध्या भांड्याने असं काय होणार होतं? पण माती ओली दिसायला लागली, म्हणून वरून कोरडी माती भुरभुरावी लागली. पुढचे सहा दिवस काकांचा हाच उद्योग चालला.

ताई येऊन मातीला बोट लावत. "ठणठणीत कोरडी! काका, तुमच्यासारखं काटेकोर काम कुणी करत नाही. प्रबंधात पहिले आभार तुमचेच."

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बुरशी फवारली. पाच दिवसांत दोन्ही रांगा सारख्याच कुजल्या. पानं तपासली, तर कडू रसायनांचा पत्ता नाही. ताईंच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला. "तीन वर्षं वाया गेली म्हणायची. विषय बदला."

ताई वह्या गोळा करू लागल्या. "माझंच चुकलं, काका. झाडांनी काही केलंच नाही."

"झाडांना बोल लावू नका हो!" काका कळवळून म्हणाले. "त्यांना तहान लागलीच नव्हती. मीच रोज पाणी पाजत होतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. कोरड्या मातीची आणि दाराकडे बघण्याची गोष्टही त्यांनी सांगून टाकली. मान काही वर होईना.

ताईंनी वही उघडली. "किती घालायचात?"

"आधी अर्धं भांडं. नंतर... पाऊण. लिहा, ताई. तक्रार करा. माझी लायकीच ती आहे."

"तक्रार कसली! सर, पाणी मिळालं म्हणून रसायनं झाली नाहीत. माझं म्हणणं खोटं पडलेलंच नाही!"

"पण सिद्ध करायला पुन्हा सगळं करावं लागेल," सर म्हणाले. "आणि आता तीन रांगा लागतील."

पुढच्या आठवड्यात तहानलेली रांग कुलपात गेली आणि किल्ली सरांच्या खिशात. तिसऱ्या रांगेवर ठळक पाटी लागली: 'चोरून पाणी'. ते काम अर्थातच काकांकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला अनुभव नव्हता. सर घड्याळ घेऊन उभे होते, चार विद्यार्थीही जमले होते. लाजेने लाल झालेल्या काकांनी कसंबसं भांडं उचललं.

"थांबा, काका," ताई पेन सरसावत म्हणाल्या. "आधी दाराकडे बघायचं. सगळं अगदी तेव्हासारखंच व्हायला हवं."