न उकळलेली फ्लॉपी

शहाण्णव साली केडगावात घरी कॉम्प्युटर असलेली माणसं थोडीच होती, आणि त्यांच्यात व्हायरस काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. सुप्याच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचो आणि व्हायरस मारायची फ्लॉपी खिशात घालूनच हिंडायचो.

तर आमच्याच घरचा कॉम्प्युटर आजारी पडला. अक्षर दाबावं, चहा गाळून यावं, मग ते पडद्यावर उमटावं, अशी त्याची चाल झाली. त्यात माझी बायको प्रज्ञा हिचा एम.फिल.चा प्रबंध होता, आणि तो सोमवारी पुण्याला पोचवायचा होता.

"काल काढलात ना व्हायरस?" प्रज्ञानं विचारलं.

"समूळ काढला."

"मग आज कुठून आला?"

मी फ्लॉपी घालून तो परत काढला. संध्याकाळी तो परत हजर. शनिवारी तर मशीन सुरूच होईना. प्रबंध आतच अडकला.

माझी आई विमलबाई श्रीरामपूरच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. साथीतलं सगळं कळत होतं.

"आधी कोन आजारी पडलं?" तिनं मेथी निवडता निवडता विचारलं.

"पलीकडचे महमूदभाई. ते लग्नपत्रिका करतात त्या मशीनवर. मी जाऊन बरं केलं ते."

"त्यांच्याकडून इकडं कोन आलं?"

"कोणी नाही. मीच."

"हातात काय हुतं?"

"फ्लॉपी."

"तीच आपल्या मशीनला टोचली?"

"अगं, त्यात औषध आहे."

"असंल. पन मधी सुई उकळली का?"

"आई, फ्लॉपी उकळत नाहीत," मी हसून म्हणालो, आणि माझं हसू तिथंच विरलं. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी खिटी असते. ती सरकवून ठेवली की बाहेरचं काही फ्लॉपीवर चढत नाही. माझी खिटी मी कधी सरकवलीच नव्हती. औषध म्हणून मी घरोघर साथ वाटत होतो.

आईनं घरातल्या सगळ्या फ्लॉप्या एका पातेल्यात घालून वर झाकण ठेवलं आणि मला सुप्याला पिटाळलं. मी तिथून नवी, खिटी सरकवलेली फ्लॉपी आणली. तिच्यावरून मशीन सुरू केलं, व्हायरस मारला आणि प्रबंध उघडला. प्रज्ञानं तो शेवटच्या पानापर्यंत पाहिला. एक ओळ गेली नव्हती. तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मी शेजारी उभा होतो. मलाही आईच्या पाया पडावंसं वाटलं, पण आधी माफी मागायला महमूदभाईंकडं जायचं होतं.

तेवढ्यात तेच दारात आले. आईच्या पातेल्याची गोष्ट तोवर भिंतीपलीकडं पोचली होती.

"मशीन फिर बंद पडली, भाई."

मी नवी फ्लॉपी घेऊन उठलो.

"तुम्ही बसा," महमूदभाई अदबीनं म्हणाले. "अम्मी मोकळ्या आहेत का?"