धसईची चारची गाडी

"भगीरथदादा, हे काय आहे?"

वैष्णवी मॅडमनी टेबलावर ग्राफचा कागद पसरला. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात त्या तपासणीचं काम बघायच्या, आणि भगीरथ भट्टीचं. भट्टी किती तापली आणि किती वेळ तापली हे एक पेन आपोआप कागदावर काढायचं. त्या पेनला खोटं बोलता येत नव्हतं, हीच भगीरथची खरी अडचण होती.

"टाकीचा ग्राफ हाय, मॅडम."

"तीन तास ठेवायची होती ना? एकला धग पकडली, चारला बंद. इथे साडेपाच वाजलेत!"

"धसईची गाडीच नाय आली तं मी काय करनार?"

मॅडमना आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू उलगडा झाला. शेडमधलं घड्याळ धगीनं दोनदा बंद पडलं होतं. तेव्हापासून धसईची चारची एसटी वळणावर हॉर्न द्यायची आणि भगीरथ भट्टी बंद करायचा. काल गाडी साडेपाचला आली. आज वेळ फार सावकाश चाललाय, असं त्याला मधे दोनदा वाटलं होतं. त्यानं तेवढ्यात दोन चहा जास्त घेतले.

मॅडम खुर्चीत बसल्या. वाफेच्या टाकीचं वेल्डिंग भट्टीत शेकल्यावाचून टाकी कारखान्याबाहेर पडत नाही, आणि शेकायचा वेळही मनाचा नसतो. त्यासाठी आधी त्याच लोखंडाची एक टेस्ट प्लेट, म्हणजे नमुन्याचा तुकडा, जोडून, शेकून, तोडून बघतात. ती जेवढा वेळ शेकली, त्याच्या सव्वापटीहून जास्त टाकी शेकायची नाही. जास्त झालं तर लोखंड नरम पडू शकतं. इथली प्लेट फायलीत तीन तासांची होती. सव्वापट म्हणजे पावणेचार. टाकी शेकली साडेचार.

"मॅडम, आज परत ठेवू. दीड तास कमी ठेवतो."

"दादा, भट्टीतला वेळ वजा होत नाही. नुसती बेरीज होते."

"मग ग्राफ मधून कापून चिकटवला तं?"

"उद्या दहाला इन्स्पेक्टर साहेब येतायत. टाकी नापास झाली तर भंगारात जाईल, आणि तिच्यामागून आपण दोघं. नवी प्लेट करायची तर पंधरा दिवस लागतील. जुन्या प्लेटचा ग्राफ तरी आहे का कुठे? फायलीत नुसतं लिहिलंय, 'उंदरांनी खाल्ला'."

भगीरथच्या तोंडचं पाणी पळालं. एका गुन्ह्याची भीती कशीबशी पेलवत होती, आता दुसराही दारात येऊन उभा राहिला. ते उंदीर म्हणजे तोच होता.

घरी तो जेवला नाही. त्याच्या बायकोनं, सुंदरानं विचारलं, "काय झालाय? मेल्यासारका तोंड करून का बसलाव?"

त्यानं फळीवरचे डबे उतरवले आणि त्यांच्याखाली अंथरलेला कागद ओढून काढला. दोन वर्षं तो हळदीच्या डब्याखाली होता. "ह्यो दाखवला तं नोकरी गेली. नाय दाखवला तरी गेली."

"मग खरा सांगून घालवा. खोटा बोलून तुमची झोप तरी कुठं हाय?"

सकाळी इन्स्पेक्टर साहेबांनी टाकीचा ग्राफ पाहिला, फाईल पाहिली आणि चष्मा काढला. "साडेचार तास? ही टाकी पास होणार नाही."

भगीरथनं जेवणाच्या पिशवीतून पिवळा डाग पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

"साहेब, उंदीर नवते. मीच लपवला. त्या दिवशी चिखलात गाडी रुतली, सहाला आली. प्लेट पाच तास शेकली. मला भ्या वाटला."

साहेबांनी कागद उजेडात धरला. तारीख तीच, प्लेटचा नंबर तोच. कोपऱ्यात सही होती, भट्टी पेटवण्याआधी मारलेली. साहेबांची स्वतःची.

आता घाम साहेबांना फुटला. त्या दिवशी ते सही करून लगेच निघून गेले होते, आणि पुढे ग्राफ न बघताच तीन तासांच्या नोंदीवरही त्यांनीच सही केली होती.

"प्लेट तोडून पाहिली तेव्हा ताकदीला पास झाली होती ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हो. सगळ्या चाचण्यांत," मॅडम म्हणाल्या. एकाएकी त्यांचा आवाज चढला. "साहेब, पाच तासांची सव्वापट सव्वासहा होते! टाकी साडेचारच शेकलीय!"

"होते," साहेब म्हणाले. "नोंद दुरुस्त करा, चूक झाली होती असं लिहा. खाली मीही लिहितो, की मी ग्राफ बघितला नव्हता." मग त्यांनी भगीरथकडे पाहिलं. "आणि या माणसाला एक घड्याळ घेऊन द्या."

टाकी पास झाली. भगीरथ भट्टीमागे जाऊन चक्क रडला.

दोन दिवसांनी मोठं, काचेचं नवं घड्याळ आलं. मॅडमनी ते भट्टीपासून लांबच्या खांबावर लावायला सांगितलं आणि त्या बँकेत गेल्या. संध्याकाळी परतल्या तर भगीरथ दारात उभा. घड्याळ छातीशी धरलेलं, काटे चारवर, सेल मुठीत.

"दादा, अजून लावलं नाही?"

"लावतो ना, मॅडम," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "धसईची गाडी येऊ दे. बरोबर टाइमाला चालू करतो."

मॅडमनी मनगटावर पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.