हेडफोनची सीट

माह्या जीपची पुढची सीट महिनाभर एका हेडफोनसाठी राखीव होती. माणसासाठी नाही, हेडफोनसाठी. मालकीण मागं कॅमेऱ्याच्या पेट्यायमधी अंग चोरून बसे अन् पुढं हे साहेब. महागावात माहं गॅरेज हाये, दहा लोक ओळखतात. जो तो विचारे, "सलीमभाई, आज पाहुणे बोलून नाही राह्यले?"

मालकीण म्हणजे योहानाबाई, हॉलंडची. साठी उलटलेली, अंगात ढगळ शर्ट, डोक्याले दुपट्टा. तीस वर्षांपासून बायायवरच सिनेमे काढे. पहिल्या सिनेमाच्या वेळी तिच्याच गावच्या लोकायनं तिले चहा आणायले लावला अन् डायरेक्टर कुठं हाये म्हणून शोधत बसले. मोडक्या हिंदीत तिनंच सांगितलं मले.

"मंग आणला चहा?"

"आणला. अन् ते पीत असताना त्यायचंच शूटिंग केलं."

त्या सालांत कापसाची पार वाट लागली होती. पेपरवाले येत, बाप्यायले विचारत अन् निघून जात. योहानाबाई विचारे, वेचते कोण? वेचतात बाया. मंग बायाच बोलतीन. पण बाईपुढं कॅमेरा लावला का पांढरा शर्ट घालून कोणीतरी मधात हजर. "मले विचारा, मी सांगतो." तिले मराठीचे दोनच शब्द येत. "भाऊ, बाजूला." सरपंच बाजूला, पोलीस पाटील बाजूला. एकदा बैल आडवा आला, त्यालेही तेच. बैल लगेच सरकला. सरपंचाले चारदा सांगा लागलं होतं.

नाव विचारलं का बाया म्हणत, "माहेरचं का सासरचं?" लग्नात नावही बदलते, हे समजलं तव्हा ते डोक्याले हात लावून शेताच्या धुऱ्यावरच बसली. तव्हापासून दोन्ही नावं सांगितल्याबिगर कॅमेरा सुरू होत नसे.

पण आवाजाचा सत्यानाश होता. कधी वारा, कधी मोटरपंप. शूटिंगच्या वेळी कानाले हेडफोन लावून ऐकणारं कोणी नव्हतं. मी म्हणलं, मी लावतो. ते एकदम तुटक बोलली, "ते ट्रूसचं हाये." ट्रूस कोण, हे काही सांगितलं नाही. मले राग आला. एवढा सिनेमा वाया चालला अन् या बाईचा हट्ट पाहा.

शेवटच्या दिवशी सखुबाई होती, सत्तरीची. माहेरचं नाव आठवायलेच तिले अर्धी दुपार लागली. आठवलं, सांगितलं, अन् रेकॉर्डिंगमधी निघाला नुसता पंप. योहानाबाईचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तिले परत जायचं होतं.

सखुबाई म्हणे, "पुन्हा सांगीन. पयले तू नाव घे, तुह्या घरच्या माणसाचं."

मी हिंदीत सांगितलं. योहानाबाईनं जीपच्या पुढच्या सीटकडं पाह्यलं. मंग म्हणे, "ट्रूस." तीस वर्षं तिच्या बाजूले बसून ट्रूसच हेडफोनवर आवाज ऐके. मागच्या हिवाळ्यात गेली.

सखुबाईनं ओटीतला कापूस खाली ठेवला अन् तिचा हात धरला. मले म्हणे, "पाह्यतं काय सलीम? आण ते कानाचं."

मी पंप बंद कराले लावला अन् हेडफोन आणला. "भाऊ," योहानाबाई म्हणे. सवयीनं मी बाजूले झालो. तिनं माही बाही धरून मले खाली बसवलं अन् हेडफोन माह्या कानाले लावला.

सखुबाई बोलली, "चंद्रभागा." साफ ऐकू आलं, मंग तिचा श्वाससुद्धा. मले रडू आलं, खोटं कायले बोलू.

परत येताना योहानाबाई पुढच्या सीटवर बसली, हेडफोन मांडीवर घेऊन.