चीर न्हाय म्हंजे विषय संपला

दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर आपल्या डोक्याच्या वर असतं, असा कुंडलिकचा ठाम समज होता. मंगळवारी दुपारी या भ्रमाचा भोपळा फुटला. डोकं मात्र फुटलं नाही, नुसतं टेंगूळ आलं. आवाज ऐकून समोरच्या सुंदरम्मा बाहेर आल्या आणि सवयीनं शुक्रवार पेठही गोळा झाली.

पेठेतल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला सांगितलं. पण कुंडलिकचा मेव्हणा अभिमन्यू याचं झेरॉक्सचं दुकान एका दवाखान्याला लागून होतं, त्यामुळे तो निम्मा डॉक्टर होताच.

"दाजी, शिटीबिटी कशाला? डोक्याचा फोटो काढू. कवटीला चीर न्हाय म्हंजे विषय संपला."

एक्स-रे निघाला. अभिमन्यूनं फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून सगळ्यांना दाखवली.

"बगा, चीर न्हाय. दाजींच्या डोक्यात काय बी निगालं न्हाय."

पेठेला हे आधीपासूनच माहीत होतं. तरी सगळ्यांनी अभिनंदन केलं.

संध्याकाळी कुंडलिक जेवायला बसला. लग्न झाल्यापासून बायकोला त्यानं 'ए' याच्या पुढची हाक मारली नव्हती. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "तुमी जेवला का? आमटी लई झ्याक झालीया."

बजाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "डोकं दुकतंय का?"

"वाइच. आपन काळजी करू नगा."

बजाबाई उठली. "अभ्या, रिक्षा बोलव."

"आक्का, मानूस सुदारला तर तुला तरास व्हतोय व्हय?"

"सुदारला न्हाय, बिगडलाय. मला 'आपन' म्हनाला."

रिक्षात कुंडलिकला उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात अभिमन्यूनं डॉक्टर अंकितांपुढे फिल्म अभिमानानं ठेवली.

"यात फक्त कवटीचं हाड दिसतं," त्या म्हणाल्या. "रक्त आत साचतं, ते यात कसं दिसणार? भिंतीला तडा नाही म्हणून घरात भांडण नाही, असं असतं का?"

अभिमन्यूचं लग्न झालेलं असल्यामुळे त्याला हे ताबडतोब पटलं.

सीटीत रक्त साचलेलं दिसलं आणि कुंडलिकला लगेच ऑपरेशनला नेलं. बाहेर बाकावर बजाबाई फार घाबरून बसली होती. "देवा, जन्मभर 'ए' म्हनू दे," ती पुटपुटत होती, "पन मानूस उटू दे."

देवानं ऐकलं. शुद्धीवर आल्याआल्या कुंडलिक खेकसला, "ए, च्या कुटं हाय?" ते ऐकून बजाबाई ढसाढसा रडली. शेजारच्या खाटांवरच्या लोकांना वाटलं, बिचारीला सासुरवास आहे.

घरी जायच्या दिवशी ती पिशवी भरत होती. कुंडलिक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"बजा, तू व्हतीस म्हून मी हाय बग. जन्मभर तुला कदी नीट बोललो न्हाय. माजं चुकलं."

बजाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती तशीच दाराकडे धावली.

"डॉक्टरबाई, लवकर या. परत सुरू झालं."